डिस्कची वाटणी, उभ्या पिकाला धक्का न लावता



मुलांच्या शिक्षणासाठी आता बऱ्याच घरांत संगणक आला आहे. त्यातच ऊस बिलाचे हिशोब, माती परीक्षणाचे अहवाल आणि सात-बाराचे उतारे ठेवले जातात. हे सगळे बहुधा 'सी' या एकाच भागात असते. विंडोज बिघडले आणि तो भाग पुसावा लागला, की कागदपत्रेही जातात. म्हणून डिस्कचे दोन भाग करावेत. एकात विंडोज, दुसऱ्यात आपली माहिती.

पण हे काम घाईचे नव्हे. आमच्या एका गट कार्यालयात वाटणी करताना भलत्याच भागावर 'डिलीट व्हॉल्यूम' दाबले गेले आणि दोन हंगामांच्या लागण नोंदी गेल्या. नोंदवह्या होत्या म्हणून निभावले. लागणीची तारीख चुकली की तोडणीचा क्रम चुकतो, आणि नुकसान सभासदाचे होते.

उभ्या उसात बांध घालता येत नाही. पड असेल तिथेच घालावा लागतो. डिस्कचेही तसेच आहे. रीत अशी:

१. प्रथम सर्व माहितीची प्रत बाहेरच्या डिस्कवर किंवा पेन ड्राइव्हवर घ्यावी. दोन-चार फाइली उघडून प्रत नीट उतरली का, ते पाहावे. ही पायरी गाळू नये.

२. बिटलॉकर चालू असेल तर त्याची ४८ अंकी रिकव्हरी की कागदावर लिहून ठेवावी. लॅपटॉप चार्जरला लावावा. वीज मध्येच गेली तर घोटाळा होतो.

३. स्टार्टच्या बटणावर उजवी क्लिक करून 'डिस्क मॅनेजमेंट' उघडावे. ५०० जीबीची डिस्क तेथे सुमारे ४६५ जीबी दिसते. घाबरू नये, मोजण्याच्या पद्धतीतला तो फरक आहे.

४. 'सी'वर उजवी क्लिक करून 'श्रिंक व्हॉल्यूम' निवडावे. आकडा एमबीत द्यायचा असतो. २०० जीबी हवे असतील तर २०० गुणिले १०२४, म्हणजे २०४८०० लिहावे. सी भागातही भरपूर मोकळी जागा राहू द्यावी.

५. मोकळी झालेली जागा 'अनअलोकेटेड' म्हणून दिसेल. फक्त तिच्यावरच उजवी क्लिक करून 'न्यू सिंपल व्हॉल्यूम' घ्यावे, एनटीएफएस ठेवावे आणि पुढे जावे. नवा भाग तयार.

जागा रिकामी असूनही कमीच निघते, अशी तक्रार काही जण करतात. विंडोजच्या काही फाइली मध्येच ठाण मांडून असतात. त्या हलत नाहीत, म्हणून त्यांच्या अलीकडची जागा सुटत नाही. मिळेल तेवढ्यावर भागवावे. 'रिकव्हरी' आणि 'ईएफआय' लिहिलेल्या लहान भागांना तर हातच लावू नये. ते निरुपयोगी दिसतात, पण संगणक सुरू होणे आणि दुरुस्त होणे त्यांच्यावरच असते.

शेवटी एक गोष्ट पक्की ध्यानात धरावी. वाटणी झाली तरी रान एकच. डिस्कच जळाली तर दोन्ही भाग एकदम जातात. बांध घातला म्हणून पूर थांबत नाही. तेव्हा वाटणी झाल्यावरही बाहेरची प्रत मोडू नये. दर महिन्याला ताजी करावी. आपण बेणे वेगळे राखतो ना, तसेच हे.