बेट तेच, वस्ती निराळी

लोकसंख्येचा भूगोल शिकताना ‘अमुक ठिकाणी अमुक इतकी वस्ती’ असे वाक्य आपण किती सहज लिहून टाकतो! मीही लिहीत असे. पुढे कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यालगतच्या एका चिमुकल्या बेटावरील सीलांविषयी वाचू लागलो आणि पहिल्याच दिवशी अडखळलो. एका वर्णनात पुळणीवर पाय ठेवायला जागा नव्हती. दुसऱ्यात त्याच पुळणीवर मोजकी, सुस्तावलेली जनावरे पडली होती. दोन्ही वर्णने खरीच होती. पहिले जानेवारीतले होते, दुसरे ऑगस्टमधले.

या बेटाचे नाव आन्यो न्वेवो. सॅन फ्रान्सिस्कोच्या दक्षिणेस सुमारे ९० किलोमीटरांवर, किनाऱ्यापासून जेमतेम अर्ध्या मैलावर ते आहे. १६०३ च्या जानेवारीत व्हिस्काईनो या स्पॅनिश दर्यावर्दीची मोहीम येथून गेली, म्हणून लगतच्या भूशिराला ‘नववर्ष’ या अर्थाचे हे नाव पडले. १८७२ साली जहाजांना सावध करण्यासाठी बेटावर धुक्यातला भोंगा बसविण्यात आला. १९४८ साली तेथील माणसे निघून गेली आणि रखवालदाराच्या रिकाम्या घरात समुद्रसिंहांनी बिऱ्हाड थाटले! सील आणि समुद्रसिंह यांत घोटाळा होऊ नये म्हणून सांगतो : समुद्रसिंहाला बाहेरून कान दिसतात आणि मागचे वल्ह्यासारखे पाय पुढे वळवून तो जमिनीवर चालू शकतो. सीलाला बाहेरचे कान नाहीत व तो पोटावर सरपटतो.

या बेटावरचा थोर पाहुणा म्हणजे हत्ती-सील. पूर्ण वाढलेल्या नराचे वजन दोन हजार किलोंच्या आसपास जाते आणि त्याचे नाक सोंडेसारखे लोंबते. नोव्हेंबरअखेर व डिसेंबरात नर किनाऱ्याला लागतात व झुंजून आपापला मान ठरवून घेतात. डिसेंबरच्या मध्यापासून गाभण माद्या येऊ लागतात. आल्यावर आठवड्याभरात मादी एका पिलाला जन्म देते, सुमारे चार आठवडे त्याला पाजते, शेवटच्या काही दिवसांत तिचा नराशी समागम होतो आणि पिलाला पुळणीवरच सोडून ती समुद्रात निघून जाते. तिचे भक्ष्य दूर आणि खोल समुद्रात असते. त्यामुळे या मुक्कामात तिला कडकडीत उपास घडतो. मोठ्या नराचा उपास तर तीन महिन्यांपर्यंत चालतो. पिलाची मात्र चंगळ असते. निम्म्याहून अधिक चरबी असलेल्या दुधावर ३५ किलोंचे पिल्लू महिन्याभरात १३० किलोंच्या घरात जाते.

मला सर्वांत नवल वाटले ते पुढच्या गोष्टीचे. समागमानंतर गर्भ लगेच रुजत नाही. तीन-चार महिने तो तसाच थांबून राहतो आणि नंतर गर्भाशयात रुजतो. त्यामुळे जन्माची वेळ पुढच्या हिवाळ्यातल्या मुक्कामाशीच येऊन जुळते. भरसमुद्रात जन्मलेले पिल्लू जगणार नाही, तेव्हा वेळापत्रक चुकून चालतच नाही.

वर्षातून दुसऱ्यांदा हे सील येतात ते कात टाकण्यासाठी. केसांबरोबर कातडीचे वरचे पापुद्रेही सोलून निघतात. एप्रिल-मेमध्ये माद्या व लहान सील, मग तरुण नर आणि जुलै-ऑगस्टात थोराड नर अशा पाळ्या लागलेल्या असतात. उरलेला काळ समुद्रातच जातो. वर्षभरात मादी सुमारे १८,००० आणि नर सुमारे २१,००० किलोमीटरांचा प्रवास करतो.

समुद्रसिंहांचे गणित याहून वेगळे. स्टेलर समुद्रसिंह येथेच उन्हाळ्यात वितात. कॅलिफोर्नियाचे समुद्रसिंह मुख्यतः दक्षिणेकडील चॅनेल बेटांवर वितात. जून-जुलैचा विणीचा हंगाम उरकला की त्यांतले नर उत्तरेकडे सरकतात आणि शरद ऋतूत आन्यो न्वेवोवर त्यांची गर्दी होते. तेव्हा कोणी पाहिले तर ‘या जातीत माद्या नसतात काय?’ असेच विचारील.

मग मोजायचे कसे? जानेवारीच्या अखेरीस हत्ती-सीलांच्या माद्यांची गर्दी शिगेला पोहोचते. पण त्या दिवशीही सगळ्या माद्या हजर नसतातच. एकेक मादी पाचेक आठवडे राहते आणि येण्याचा क्रम मात्र दीड-दोन महिने चालतो. काही परत गेलेल्या असतात, काही अजून वाटेवर असतात. म्हणून अभ्यासक पिलांची शिरगणती करतात व तीवरून एकूण संख्येचा अंदाज बांधतात. पिल्लू बिचारे जाणार कुठे? ते जागेवर सापडते. हाही हिशेब निर्धोक नाही. १९८३ च्या एल निन्योच्या हिवाळ्यात वादळी लाटांनी गर्दीच्या पुळणीवरची असंख्य पिले ओढून नेली.

केवळ किनाऱ्यावर पाहून बोलण्याची किंमत केवढी असते, हे १८९२ सालच्या एका हकिकतीवरून कळते. चरबीच्या तेलासाठी झालेल्या कत्तलीमुळे हत्ती-सील नामशेष झाला असे मानले जात होते. त्या साली चार्ल्स टाउन्सेंड यांच्या मोहिमेला मेक्सिकोच्या ग्वादालूप बेटावर जेमतेम आठ-नऊ जनावरे दिसली. जात संपलीच आहे, तर निदान संग्रहालयात तरी नमुने असावेत, म्हणून त्यांतली सात मारण्यात आली! ऊसतोडीच्या मोसमात बीडकडच्या एखाद्या गावात जाऊन इथे म्हातारीकोतारीच राहतात असे ठरवावे, त्यातलाच हा प्रकार. फरक एवढाच की येथे निष्कर्षाबरोबर बंदूकही होती. जात वाचली, कारण थोडे सील नजरेआड, पाण्यात होते. १९२२ साली मेक्सिकोने त्यांना संरक्षण दिले. १९५५ मध्ये ते आन्यो न्वेवोवर पुन्हा दिसले, १९६१ मध्ये तेथे पहिले पिल्लू जन्मले आणि बेटावर जागा पुरेनाशी झाल्यावर १९७५ मध्ये समोरच्या मुख्य भूमीवरही. १९७४ साली बॉनेल व सेलँडर यांनी १५९ सीलांचे रक्त तपासले. प्रथिनांच्या २४ जनुक-स्थानांपैकी एकातही त्यांना भेद आढळला नाही. सगळे त्या मूठभरांचेच वंशज!

२०१० सालासाठी या जातीची संख्या २,१०,००० ते २,३९,००० धरण्यात आली आहे. त्यांतल्या बहुतेकांना मोजताना कोणी पाहिलेले नाही. पाहिली ती पिले.