तारेची छावणी आणि चांद्याचा फास

क्रांती आणि राजाचा देहदंड म्हटलं की आपल्याला शाळेच्या पुस्तकातला फ्रान्स आठवतो. सोळावा लुई, गिलोटिन, २१ जानेवारी १७९३. पण अशी एक फाशी आपल्या शेजारच्या चांद्यात झाली होती, आणि आपल्या होस्टेलमधल्या बहुतेकांना ती ठाऊक नसते. गडचिरोली-चंद्रपूरकडच्या मित्रांना विचारा, ते नाव लगेच सांगतील : बाबुराव पुल्लेसूर शेडमाके.

आता कोणी म्हणेल, तो राजा कुठे होता? तो मोलमपल्लीचा जमीनदार होता. मान्य. चांद्याची गोंड गादी नागपूरकर भोसल्यांनी १७५१ मध्येच घेतली होती. पण अहेरीकडच्या जंगलात जमीनदार म्हणजे छोटा राजाच. वसुली त्याची, न्याय त्याचा, शिबंदीही त्याची. भोसल्यांनी या लोकांना फारसं छेडलं नाही. तिसरे रघुजी डिसेंबर १८५३ मध्ये वारले, डलहौसीने दत्तक नाकारून नागपूर राज्य खालसा केलं, आणि कंपनीचा साहेब थेट चांद्याला येऊन बसला. तेव्हापासून ठिणगी पडायची तेवढी बाकी होती. (आपला वर्धा जिल्हा त्या वेळी नव्हताच बरं का, तो नागपूरमधून १८६२ मध्ये वेगळा झाला.)

१२ मार्च १८३३ चा जन्म, म्हणजे उठाव केला तेव्हा बाबुराव पंचविशीतला. आपल्या फायनल इयरवाल्यांपेक्षा तीनचार वर्षांनी मोठा. गोंड आणि रोहिले तरुण जमवून त्याने मार्च १८५८ मध्ये राजगड परगणा ताब्यात घेतला. अडपल्ली-घोटचा जमीनदार व्यंकटराव त्याला येऊन मिळाला. डेप्युटी कमिशनर कॅप्टन क्रिक्टन फौज घेऊन मागे लागला, पण जंगल बाबुरावांचं होतं.

आम्हा इंजिनिअरिंगवाल्यांना अडखळायला लावणारी गोष्ट पुढे आहे. २९ एप्रिल १८५८ च्या रात्री प्राणहितेच्या काठी चिचगुंडीला तारायंत्र खात्याच्या छावणीवर हल्ला झाला. गार्टलंड आणि हॉल हे दोन कर्मचारी मारले गेले, पीटर नावाचा तिसरा निसटला. आपल्या वर्धा नदीचं पाणी वैनगंगेला मिळून पुढे हीच प्राणहिता होते. ही माणसं शिपाई नव्हती, तारेची कामं करणारी होती, उद्या आपण करू तशीच. पण १८५७ च्या धामधुमीत इंग्रजांची सर्वांत मोठी ताकद तारच होती. दिल्लीची खबर लाहोरला सांडणीस्वाराआधी पोचली ती तारेमुळे. म्हणून तारेवर घाव घालणं ही लढाईच होती, असं माझं मत. मेलेल्या दोघांच्या घरी ते पटलं असतं असं मात्र म्हणवत नाही.

या दोन खुनांनी क्रिक्टन पेटला. जंगलात बाबुराव हाती लागेना, तेव्हा त्याने अहेरीच्या जमीनदारीण लक्ष्मीबाईंवर दाब आणला : पकडून द्या, नाहीतर जबाबदारी तुमची. एकदा भोपाळपट्टणमला बाबुराव सापडला, पण पहारेकऱ्यांनाच फोडून पळाला. शेवटी १८ सप्टेंबरला लक्ष्मीबाईंच्याच माणसांनी त्याला धरलं. बक्षीस म्हणून अडपल्ली आणि घोटची जमीनदारी त्यांना मिळाली. लोक त्यांना सरळ फितूर म्हणतात. मला ते इतकं सोपं वाटत नाही. नागपूरचं अख्खं राज्य खालसा होताना त्यांनी पाहिलं होतं, मग अहेरीचं काय झालं असतं? तरी बक्षीस घेतलं हे खुपतंच.

लुईच्या खटल्यात निदान त्याच्याच देशाच्या लोकसभेने मतदान केलं होतं. देहदंडाच्या बाजूने ३८७, विरुद्ध ३३४. त्याच्यावर परक्या राजांशी संगनमत केल्याचा आरोप होता. चांद्याला सगळं उलटं. परक्याशी लढला म्हणून परक्यानेच न्यायाधीश होऊन 'बंडखोर' ठरवलं. २१ ऑक्टोबर १८५८ रोजी चांद्याच्या तुरुंगात, पिंपळाखाली, बाबुरावांना फाशी दिली. दोर तीनदा तुटला, असं तिकडे सांगतात.

त्यानंतर अकराच दिवसांनी, १ नोव्हेंबरला, अलाहाबादेत राणीचा जाहीरनामा वाचला गेला. हत्यार खाली ठेवणाऱ्या बंडवाल्यांना माफी. पण इंग्रज प्रजेच्या खुनात प्रत्यक्ष हात असलेल्यांना वगळून. म्हणजे अकरा दिवस जास्त मिळाले असते तरी चिचगुंडी आडवी आलीच असती.

व्यंकटराव बस्तरमध्ये पळाला. तो १८६० मध्ये पकडला गेला आणि त्याला जन्मठेप झाली. बाबुरावांच्या नावाचं टपाल तिकीट २००९ मध्ये निघालं. दर २१ ऑक्टोबरला त्या पिंपळाशी आदिवासी बांधव जमतात. चंद्रपूर इथून फार लांब नाही, कोणी येत असेल तर सांगा.