जुन्या काव्यातील अवतरणे आणि ऑनलाइन कोश : पेडणे-डिचोलीच्या शब्दांच्या निमित्ताने

कोशात अर्थाखाली दिलेले अवतरण हा त्या अर्थाचा पुरावा असतो. पेडणे व डिचोली तालुक्यांतील बोलीशब्दांची टिपणे करताना या पुराव्याची गरज मला वारंवार जाणवली. येथे औषधाला 'वखद' म्हणतात. मुलाने तो वहीत लिहिला तर अशुद्ध म्हणून खोडला जातो. जुन्या मराठीत मात्र 'वोखद' हे रूप आढळते. हे नुसते सांगून भागत नाही. ग्रंथ, अध्याय आणि ओवी दाखवावी लागते.

दाते-कर्वे यांच्या महाराष्ट्र शब्दकोशाने (१९३२ ते १९३८) ही शिस्त मराठीत रुजवली. ग्रंथाचे संक्षिप्त नाव, पुढे अध्याय व ओवीचा क्रमांक, अशी ती पद्धत. छापील कोशात संक्षेपांची यादी आरंभीच्या पानांवर असते आणि वाचक ती उलटून पाहू शकतो. ऑनलाइन कोशाचा वाचक शोधपेटीतून थेट नोंदीवर उतरतो. आरंभीची पाने त्याच्या दृष्टीस पडतच नाहीत. म्हणून प्रत्येक अवतरणाचा पूर्ण पत्ता नोंदीतच द्यावा, असे मला वाटते. पडद्यावर जागेची अडचण नाही.

या पत्त्यात पहिली गोष्ट म्हणजे प्रत. ज्ञानेश्वरीचा काळ शके १२१२, म्हणजे इ. स. १२९०. एकनाथांनी तिची शुद्ध प्रत शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली सिद्ध केली. राजवाड्यांनी १९०९ साली प्रसिद्ध केलेली प्रत आणि सांप्रदायिक परंपरेतील प्रती यांत पाठभेद आहेत, ओव्यांचे क्रमांकही सर्वत्र जुळत नाहीत. तेव्हा 'ज्ञानेश्वरी' एवढेच लिहून शब्दावर १२९० हे साल चिकटवणे धाडसाचे ठरते. ग्रंथाचा काळ एक आणि प्रतीचा काळ दुसरा. दोन्ही वेगवेगळे नोंदवावेत.

गोमंतकातील ग्रंथांच्या बाबतीत लिपीचा प्रश्न वाढतो. कृष्णदास शामाचे कृष्णचरित्र १५२६ सालचे. त्याची रोमन लिपीतील प्रत पोर्तुगालमधील ब्रागा येथे आहे. फादर स्टीफन्स यांचे ख्रिस्तपुराण १६१६ साली रायतूर येथे रोमन लिपीत छापले गेले. सालढाणा यांची १९०७ ची मंगळूर आवृत्तीही रोमनच; देवनागरी आवृत्ती १९५६ साली आली. रोमनमधून देवनागरीत येताना ल की ळ, न की ण, याचा निर्णय संपादक करतो. अशा ग्रंथातून घेतलेले अवतरण एखाद्या उच्चाराचा पुरावा म्हणून वापरायचे असेल, तर रोमन पाठ शेजारी द्यायलाच हवा. स्थळाचेही भान हवे. हे दोन्ही ग्रंथ साष्टीशी निगडित आहेत. पेडणे व डिचोली हे तालुके अठराव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत सावंतवाडीकर भोसल्यांच्या अमलाखाली होते. साष्टीतील ओवी पेडण्याच्या बोलीची साक्ष आपोआप देत नाही.

दुसरी गोष्ट लेखनाची. केशवसुतपूर्व पद्य आणि विष्णुशास्त्री चिपळूणकरांपूर्वीचे गद्य मुळाप्रमाणे छापावे, अशी सवलत मराठी लेखनविषयक नियमांनी दिली आहे. तेव्हा अवतरणातील अनुस्वार गाळू नयेत, रूपे आधुनिक करू नयेत. शोधाच्या सोयीसाठी 'वखद', 'वोखद', 'ओखद' ही रूपे एकमेकांना जोडावीत. ते काम यंत्राचे, अवतरणाचे नव्हे.

तिसरी गोष्ट मौखिक काव्याची. बांद्याच्या सोहिरोबानाथ आंबिये यांची पदे पेडण्याच्या भजनांतून गायली जातात. गाताना शब्द बदलतात, आणि शेवटी नाममुद्रा आली म्हणजे पद त्या कवीचेच, असेही नाही. छापील प्रतीत सापडले तरच कवीचे नाव द्यावे. एरवी 'मौखिक' असे लिहून गाव, तालुका, प्रसंग आणि ध्वनिमुद्रणाचे वर्ष नोंदवावे. फुगडी, जोत, दशावतारातील पदे यांनाही हाच नियम लावावा. गाणाऱ्याचे नाव त्याच्या संमतीनेच घ्यावे.

अवतरण किती द्यावे? अर्थ उलगडेल इतके. बहुधा पूर्ण ओवी. 'दादला' हा शब्द घ्या. एकनाथांच्या भारुडात तो नवरा या अर्थाने येतो. आमच्याकडे 'दादलो' म्हणजे पुरुष, मग तो कोणाचा नवरा असो वा नसो. ओवीतला एखादाच तुकडा उचलला तर यांपैकी कोणता अर्थ अभिप्रेत आहे हे ठरत नाही. जुन्या काव्यावर कोणाचा स्वामित्वहक्क उरलेला नाही. मात्र अलीकडच्या संपादकाने लिहिलेला अर्थ व टीपा त्याच्या असतात, त्या उचलू नयेत.

शेवटी पुराव्याची मर्यादा. 'वोखद' जुन्या मराठी ग्रंथात सापडला, म्हणून तो कोकणीचा नव्हे असे सिद्ध होत नाही. त्यातून एवढेच कळते की हा शब्द जुना आहे आणि तो बिघडलेले 'औषध' म्हणून हेटाळण्याजोगा नाही. वर्गात लाल शाई उचलणाऱ्या शिक्षकापुढे एवढे ठेवता आले, तरी कोशाचे काम झाले. त्यासाठी ओवीचा पत्ता मात्र बिनचूक हवा, कारण एक चुकीचा क्रमांक सापडला की शेजारच्या दहा खऱ्या नोंदींवरचाही विश्वास उडतो.