बागेतला दिवा का जातो?

कल्याणहून कसाऱ्याकडे निघालो की पहिले स्टेशन शहाड. जवळून उल्हास नदी वाहते. म्हारळ, वरप, कांबा या गावांची माणसे इथे गाडी धरतात. सांजवेळी दमून घरी परततात. म्हातारी माणसे घटकाभर बागेत टेकतात. पोरे खेळतात. अंधार पडला की सर्वांना दिवा हवा. दिवा नसेल तर बायाबापड्या तिकडे फिरकत नाहीत. पायाखालचा विंचू दिसत नाही.

पण बागेतला दिवा पुन्हापुन्हा जातो. लोक म्हणतात, "बल्बच खोटा निघाला!" मग नवा आणतात. तोही जातो. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, अशातली ही गत. अंगात ताप आला की आपण रोग शोधतो. बल्ब सारखा जाऊ लागला, तर तिथेही रोग शोधावा.

दिव्याचे आयुष्य किती?

साध्या बल्बमध्ये टंगस्टन धातूची बारीक तार असते. वीज आली की ती तापून लख्ख होते. अशा बल्बचे आयुष्य सुमारे १,००० तास धरतात. बागेतला दिवा रोज १२ तास जळतो. आता १,००० ला १२ ने भागा. ८३ आले. म्हणजे ८३ रात्री. पावणेतीन महिने टिकला, तर बल्बने आपले काम केले. पंधरा दिवसांत गेला, तर मात्र कारण शोधा.

एलईडी दिव्यात तापणारी तार नसते. तो कितीतरी हजार तास चालतो. पण त्याच्या पोटात नाजूक भाग असतात. ओल, उष्णता आणि विजेचा झटका त्यांना सोसत नाही.

चार कारणे

१. पाणी. आपल्याकडे जून ते सप्टेंबर पाऊस झोडपतो. दिव्यावरची टोपी फुटली किंवा रबराची पट्टी सुकली, की पाणी आत शिरते. तापलेल्या काचेवर गार थेंब पडला की काच तडकते. होल्डर गंजतो.

२. ढिला सांधा. होल्डरची स्प्रिंग सैल झाली की ठिणग्या उडतात. सांधा तापतो, काळा पडतो. तिथे नवा बल्ब लावून उपयोग नाही. होल्डर बदलावा लागतो.

३. विजेचा जास्त दाब. आपल्या दिव्यांना २३० व्होल्ट दाब लागतो. तो २५३ झाला, म्हणजे दहावा हिस्साच वाढला. तरी साध्या बल्बचे आयुष्य तिसऱ्या हिश्शाहून कमी होते.

४. हादरा. खांबाचा पाया ढिला असला की वाऱ्याने खांब हलतो. जवळून जड गाड्या गेल्या तरी हादरे बसतात. तापलेली तार नाजूक असते. ती तुटते.

वही ठेवा

कोणते कारण आपले, हे कसे कळावे? त्याला एक वही पुरे. खांबांवर रंगाने आकडे घाला. दिवा गेला की लिहा. असे:

१२ जून. खांब ३. रात्री पाऊस.
२१ जून. खांब ३. रात्री पाऊस.
५ जुलै. खांब ३. रात्री पाऊस.

आता वाचा. वहीच सांगते, की तिसऱ्या खांबावर पाणी शिरते आहे. एकाच खांबावर कोरड्या दिवसातही दिवा जात असेल, तर होल्डर किंवा हादरा पहावा. एकाच रात्री पुष्कळ दिवे गेले, तर दाब मोजून घ्यावा. काही दिवे एकदम लख्ख आणि काही मिणमिणते झाले, तर न्यूट्रलची तार तुटली किंवा सुटली असावी. लगेच मेन स्विच बंद करवून वायरमनला बोलवा.

गेलेला साधा बल्बही बोलतो. काच आतून काळी पडली, तर बल्ब बहुधा वापरून संपला. आत पांढरी भुकटी दिसली, तर काचेत हवा शिरली. काच स्वच्छ आणि तार तुटलेली असेल, तर हादरा किंवा जास्त दाब यांचा संशय धरावा.

जीव आधी, दिवा मागून

आपण पहावे, लिहावे, कळवावे. खांबावर चढू नये. ते काम वायरमनचे. तोही आधी मेन स्विच बंद करतो, टेस्टरने तपासतो, मगच हात लावतो. पावसात लोखंडी खांबाला शिवू नये. खांबाला शेळी बांधू नये. कपड्यांची तार बांधू नये. अर्थिंगची तार तुटलेली दिसली तर त्याच दिवशी कळवावे. विजेची तार खाली पडली असेल तर लांब राहा, इतरांनाही लांब ठेवा आणि १९१२ या क्रमांकावर फोन करा. कुणाला विजेने धरले तर त्याला हाताने ओढू नका. आधी वीज बंद करा.

मग अर्ज लिहा. बाग महानगरपालिकेची असेल तर तिकडे द्या. गावातली असेल तर ग्रामपंचायतीला द्या. अर्जाला वहीतल्या पानाची नक्कल जोडा. "दिवे नीट करा" एवढेच लिहू नका. "खांब ३ ची टोपी फुटली आहे, पावसात पाणी शिरते" असे लिहा. अर्ज दिल्याची पोच घ्या. तोंडी सांगितलेले विसरले जाते. लिहिलेले राहते.

उत्तरे लिहा

१. रोज १० तास जळणारा साधा बल्ब किती रात्री टिकेल?
२. एकच खांब, पण प्रत्येक वेळी पाऊस. कारण कोणते?
३. तुमच्या गावातल्या एका बंद दिव्यासाठी चार ओळींचा अर्ज लिहा.