बिऱ्हाड हलवताना कुत्र्याची लस विसरू नका

मे-जून हे बदल्यांचे दिवस. सामानाचा टेंपो, गॅस, मुलांचे शाळेचे दाखले यांची काळजी सगळे घेतात. घरातल्या कुत्र्याचा विचार मात्र शेवटच्या दिवशी होतो.

कुत्रा घर ओळखतो ते वासाने. नव्या जागेत ओळखीचा वास नसतो, सामानाची आदळआपट असते, दाराशी गल्लीतली कुत्री भुंकत असतात. एरवी गरीब असलेला कुत्राही अशा वेळी घाबरून चावू शकतो. गल्लीतल्या कुत्र्यांनी त्याला चावा घेतला, तर रेबीज घरात येण्याची भीती असते.

म्हणून जागा बदलण्याच्या निदान महिनाभर आधी जनावरांच्या डॉक्टरांना त्याचे लसीचे कार्ड दाखवावे. पहिलीच लस असेल तर तिचा गुण येण्यास तीन-चार आठवडे लागतात. नव्या घरी पहिले काही दिवस त्याला शांत कोपरा, जुनीच गोधडी (न धुतलेली) आणि जेवणाची नेहमीची वेळ द्यावी. साखळीशिवाय बाहेर सोडू नये. तो खात किंवा झोपलेला असताना मुलांना जवळ जाऊ देऊ नये.

एक-दोन दिवस तो कमी खाईल, कोपऱ्यात बसेल. परंतु लाळ गळणे, आवाज बदलणे, झोकांड्या जाणे, विनाकारण अंगावर येणे ही लक्षणे दिसली, तर 'नव्या जागेमुळे असेल' असे समजू नका. त्याला वेगळे कोंडावे, तोंडात हात घालू नये आणि जनावरांच्या डॉक्टरांना ताबडतोब कळवावे.

कुत्रा चावल्यास जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने 15 मिनिटे धुवावी. हळद, चुना, तिखट लावू नये. घट्ट पट्टी बांधू नये. त्याच दिवशी दवाखाना गाठावा. आपलाच कुत्रा आहे, त्याला लस टोचली आहे, म्हणून घरी बसू नये. पोटात चौदा इंजेक्शने घेण्याचा काळ आता गेला. दंडात घ्यायची लस साधारणपणे 0, 3, 7, 14 व 28 व्या दिवशी देतात. रक्त आले असेल तर जखमेत वेगळे इंजेक्शनही द्यावे लागते. सरकारी रुग्णालयात धनुर्वाताच्या इंजेक्शनाचेही विचारावे. कुत्र्यावर 10 दिवस नजर ठेवावी. पण लस थांबवायची की नाही, हे डॉक्टरांनाच ठरवू द्यावे.

रेबीजची लक्षणे माणसात एकदा दिसू लागली, की रोगी वाचणे जवळजवळ अशक्य असते. वेळेवर घेतलेली लस मात्र हा रोग हमखास टाळू शकते.