कळसूबाई-रतनगड : दोन दिवस, दोन शिखरं आणि माणशी खर्च

"कळसूबाईला जायला किती खर्च येतो?" असं मित्रांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर विचारलं, की पाचशेपासून पाच हजारांपर्यंत कुठलाही आकडा येतो. गंमत म्हणजे त्यातला एकही खोटा नसतो. पाचशेवाला मध्यरात्रीच्या कसारा लोकलने गेलेला असतो आणि डबा घरचा खाल्लेला असतो. पाच हजारवाल्याने भंडारदऱ्याला तलावाकाठी खोली घेतलेली असते. डोंगर दोघांचा एकच, १६४६ मीटर उंचीचा, राज्यातला सर्वांत उंच. फरक पडतो तो डोंगराच्या पायथ्याला पोहोचेपर्यंत.

हिशोबासाठी एक साधा बेत धरू. ठाण्याहून निघालेले सहा मित्र. शनिवारी बारी गावातून कळसूबाई, शनिवारी रात्री रतनवाडीत मुक्काम, रविवारी रतनगड, रात्रीपर्यंत घरी. दोन्ही ठिकाणं अहिल्यानगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात, भंडारदरा जलाशयाच्या अवतीभोवती. पुण्याच्या मंडळींना नारायणगाव-आळेफाटा करत अकोले-राजूरमार्गे यावं लागतं. त्यांचं इंधन थोडं जास्त, बाकी हिशोब तोच. खाली दिलेले भाव अंदाजाचे आहेत. गर्दीच्या आठवड्यात ते वर सरकतात, मधल्या वारी गेलात तर खाली येतात.

गाडी : खरा फरक इथेच

सर्वांत स्वस्त पर्याय अर्थात घरातल्या किंवा मित्राच्या सात आसनी गाडीचा. जाऊन-येऊन आणि तिथलं फिरणं धरून साधारण ४०० किलोमीटर होतात. लिटरला १४-१५ किलोमीटर धरले तर २७-२८ लिटर पेट्रोल, म्हणजे २,८०० ते २,९०० रुपये. टोलचे चार-पाचशे वेगळे. वर्षभर महामार्गावर सतत जाणं-येणं असेल, तर २०२५ मध्ये ३,००० रुपयांना सुरू झालेला फास्टॅगचा वार्षिक पास (२०० फेऱ्या किंवा एक वर्ष, जे आधी संपेल ते) विचारात घ्या. पण तो राष्ट्रीय महामार्गांवरच चालतो. कसारा घाट टाळण्यासाठी समृद्धी महामार्गावर चढलात तर तिथे नेहमीचा टोल कापला जाणार.

गाडीचा खर्च सहा जणांत वाटला तर माणशी साडेपाचशे पडतात. माझं मत असं की ज्याची गाडी, त्याला या वाटणीतून वगळावं. घाटात क्लच त्याचाच झिजतो, रतनवाडीच्या रस्त्यावर टायर त्याचेच घासतात आणि रविवारी संध्याकाळी बाकीचे मागे घोरत असताना जागा तोच असतो. पाच जणांत वाटा, माणशी साडेसहाशे-पावणेसातशे होतील. मैत्री टिकवायला हे स्वस्तच आहे.

लोकलने जायचं तर दुसऱ्या वर्गाचं कसाऱ्याचं तिकीट चाळीस रुपयांच्या आत आहे. खरा खर्च स्टेशनाबाहेर उभ्या असलेल्या जीपचा. पहाटे तीन वाजता उतरलेल्या, झोप न झालेल्या टोळक्याला भाव काय सांगायचा हे चालकाला पक्कं ठाऊक असतं, म्हणून जीप आधीच फोनवर ठरवून ठेवा. दोन दिवसांसाठी, म्हणजे कसारा ते बारी, तिथून रतनवाडी आणि रविवारी परत कसारा, असा पूर्ण सौदा सहा-सात हजारांत व्हायला हवा. सहा जणांत हे माणशी अकराशेच्या घरात जातं. नऊ जण असाल तर सव्वासातशे. म्हणजे लोकल स्वस्त, पण तिच्यापुढची जीप भरली तरच. पैसे दोन हप्त्यांत द्या, निम्मे पोहोचल्यावर आणि निम्मे परत कसाऱ्याला आल्यावर. सगळे आधी दिले तर रविवारी दुपारी रतनवाडीत बसून वाट पाहायची वेळ येऊ शकते.

एसटीचा विचार करणारे आता कमी, पण हिशोब पाहा. साध्या गाडीला साठ किलोमीटरसाठी शंभर रुपयांच्या आसपास भाडं पडतं आणि मार्च २०२३ पासून महिलांना त्यात ५० टक्के सवलत आहे. घोटी-अकोले रस्ता बारीवरूनच जातो. कॉलेजच्या मुलींचा गट असेल तर यापेक्षा स्वस्त काही नाही. अट एवढीच की बेत एसटीच्या वेळांनुसार आखायचा आणि एका शिखरावर समाधान मानायचं. दोन दिवसांत दोन्ही शिखरं एसटीने गाठणं दगदगीचं होतं.

बारा-तेरा जण जमले की टेम्पो ट्रॅव्हलरचा विषय निघतोच. इथे प्रति किलोमीटर दराकडे बघून हुरळून जाऊ नका, त्याखालची अट वाचा. बाहेरगावच्या भाड्याला बहुतेक ठिकाणी दिवसाला किमान ३०० किलोमीटर धरले जातात. तुमचं फिरणं ४०० चं असलं तरी दोन दिवसांचे ६०० मोजावे लागतात. २६ रुपये दर धरला तर १५,६०० झाले. वर चालकाचा भत्ता, टोल, पार्किंग. एकूण १८,००० च्या घरात, म्हणजे तेरा जणांत माणशी १,४००. शुक्रवारी रात्री अकराला गाडी दारात बोलावली तर काही जण तो तिसरा दिवस धरतात. गाडी मध्यरात्रीनंतर निघेल आणि दिवस दोनच धरले जातील, हे मेसेजमध्ये लिहून घ्या.

पांढऱ्या नंबरप्लेटची खासगी गाडी भाड्याने घेऊ नका. ती हजार-पंधराशेने स्वस्त मिळते खरी, पण खासगी नोंदणीची गाडी भाड्याने चालवणं नियमाबाहेर आहे आणि अपघात झाला तर विम्याच्या दाव्यात पहिला अडथळा तिथेच येतो.

गावातला खर्च : इथे घासाघीस नको

बारी आणि रतनवाडी, दोन्ही गावांत घरगुती मुक्काम आणि जेवणाची सोय आहे. शाकाहारी ताट दीडशे ते दोनशे, गावठी कोंबडी असेल तर तीनशेपर्यंत. पोहे-चहा पन्नास-साठ. घरात अंथरूण-पांघरुणासह झोपायची सोय माणशी दोनशे ते तीनशे. दोन नाश्ते, तीन जेवणं आणि एक मुक्काम मिळून माणशी साडेनऊशे ते हजार होतात. तलावाकाठच्या तंबूंमध्ये हाच मुक्काम बाराशे ते दोन हजारांना पडतो. त्यात जेवण, शेकोटी आणि बऱ्याचदा शेजारच्या तंबूतला स्पीकर धरलेला असतो. डोंगर चढायला आला असाल तर तो पैसा वाया आहे. पहाटे पाचला उठणाऱ्या माणसाला रात्री बारापर्यंत चालणाऱ्या गाण्यांचा काय उपयोग?

ताटामागे तीस रुपये कमी करून घेण्यात अनेकांना पराक्रम वाटतो. सहा जणांच्या तीन जेवणांत मिळून त्यातून पाचशे चाळीस रुपये वाचतात. तेवढे एका माणसाने ऐनवेळी टांग मारली की गाडीच्या वाटणीतच उडतात. शिवाय इथला हंगाम छोटा असतो. पावसाळ्यातले शनिवार-रविवार, मे अखेर ते जूनमधले काजव्यांचे दिवस आणि थंडीतल्या सुट्ट्या. बाकी वर्ष भाताच्या तुकड्यावर.

कळसूबाईला वाटाड्याची गरज सहसा नाही. वाट मळलेली आहे, अवघड टप्प्यांवर लोखंडी शिड्या आहेत आणि सुट्टीच्या दिवशी वाट चुकायला गर्दीच वाव देत नाही. उलट शिड्यांपाशी रांग लागते. सकाळी सहाच्या आत चढायला लागलात तर ती टळते. वाटेत लिंबू सरबत, काकडी, भजी मिळतात. खालच्यापेक्षा महाग असतात, कारण प्रत्येक बाटली कोणाच्या तरी डोक्यावरून वर आलेली असते. त्यासाठी माणशी शंभर रुपये बाजूला ठेवा.

रतनगडाचं वेगळं. १२९७ मीटरच्या या किल्ल्याची वाट रतनवाडीतल्या अमृतेश्वर मंदिराजवळून निघते, प्रवरेच्या उगमाकडच्या दाट झाडीतून जाते आणि पुढे शिड्यांनी वर चढते. जंगलात फाटे फुटतात. पहिल्यांदा जाणाऱ्यांनी गावातला वाटाड्या घ्यावाच. दिवसाचे हजार ते दीड हजार, म्हणजे सहा जणांत माणशी दोनशे-अडीचशे. माथ्यावरच्या नेढ्यापर्यंत (कातळातल्या आरपार भोकापर्यंत) न्यायचं की दरवाजापाशी थांबायचं, हे निघतानाच बोलून घ्या, कारण वेळेचा फरक मोठा आहे.

हा सगळा भाग १९८६ साली जाहीर झालेल्या कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो. त्यामुळे नाक्यावर माणशी आणि वाहनाचं प्रवेशशुल्क भरावं लागतं. रक्कम किरकोळ असते. पार्किंगसह माणशी शंभर धरा, पुष्कळ झाले. पावती मात्र मागून घ्या. दुसऱ्या नाक्यावर तीच दाखवावी लागते आणि पावती नसेल तर पैसे कुठे गेले हेही कळत नाही.

घोटी सोडल्यावर एटीएमच्या भरवशावर राहू नका. यूपीआयचे फलक गावोगावी लागलेत, पण रेंज गेली की फलकाचा उपयोग शून्य. गटाकडे मिळून चार-पाच हजारांची रोकड असू द्या, शंभराच्या आणि पन्नासच्या नोटांत.

सामान : एकाच वस्तूवर पैसे घाला

दुकानात गेलात तर पाच हजारांची खरेदी सहज होते. पहिल्या ट्रेकसाठी त्यातलं जवळजवळ काहीच लागत नाही. सॅक मागून आणा. तंबू-स्लीपिंग बॅग गावात झोपणाऱ्याला नकोच. पुढे कधी लागलीच तर मुंबई-पुण्यात भाड्याने मिळते. पैसे घाला ते बुटांवर. खोल नक्षीचा रबरी तळवा असलेले साधे ट्रेकिंगचे बूट हजार ते दोन हजारांत मिळतात आणि सह्याद्रीतल्या ओल्या कातळावर तेच कामाला येतात. जॉगिंगचे महागडे बूट या कातळावर घसरतात. नवे बूट निदान आठवडाभर घालून फिरा, नाहीतर फोड येऊन उतरताना प्रत्येक पायरी मोजावी लागते. याखेरीज टॉर्च (मोबाइलची नव्हे), दोन लिटर पाणी, मीठ-साखरेची पाकिटं, पावसाळ्यात जाड प्लास्टिकचा पोंचो. सगळं मिळून पाचशेच्या आत.

तयार ट्रेक घ्यायचा झाल्यास

ट्रेक आयोजकांकडून एका रात्रीची कळसूबाई हजार ते पंधराशेत आणि दोन शिखरांचा शनिवार-रविवार अडीच ते साडेतीन हजारांत मिळतो. एकटे असाल किंवा गट तिघांचाच असेल, तर हे खरोखर परवडतं. सहा जणांना सहसा नाही. "फक्त ७९९" अशी जाहिरात दिसली की भाडं कसाऱ्यापासून आहे का, दुपारचं जेवण त्यात आहे का आणि प्रवेशशुल्क कोणाचं, एवढं विचारा. उत्तरं मिळेपर्यंत ७९९ चे अकराशे झालेले असतात.

पैसे भरण्याआधीचा महत्त्वाचा प्रश्न नोंदणीचा. राज्याच्या २०२१ च्या साहसी पर्यटन धोरणानुसार आयोजकांनी पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करणं अपेक्षित आहे. क्रमांक मागा. किती जणांमागे एक लीडर, प्रथमोपचाराचं प्रशिक्षण कोणाला, हेही विचारा. अतिवृष्टीत प्रशासन पर्यटनस्थळं बंद करतं, तेव्हा पैसे परत मिळणार की पुढची तारीख, हे लेखी हवं. फोनवरचं "सर, बघू आपण" पुढे कामाला येत नाही. पैसे अडकले तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवता येते आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला जिल्हा ग्राहक आयोगात शुल्क नाही. त्यासाठी लागतात पावती आणि मेसेज, म्हणून दोन्ही जपून ठेवा.

अपघाताचं कोणी बोलत नाही, पण प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेचा हप्ता वर्षाला २० रुपये आहे आणि अपघाती मृत्यू किंवा पूर्ण अपंगत्वाला दोन लाखांचं संरक्षण मिळतं. खात्यातून तो कापला जातोय का, बँकेच्या ॲपवर पाहून घ्या. इतर विमा असेल तर साहसी खेळ वगळल्याची ओळ शोधा. डोंगरात अडचण आली तर ११२, रुग्णवाहिकेला १०८. आणि अखिल महाराष्ट्र गिर्यारोहण महासंघाच्या बचाव समन्वय केंद्राचा क्रमांक निघण्याआधीच फोनमध्ये घालून ठेवा.

एकूण

आपल्या सहा जणांचा हिशोब : मित्राची गाडी असेल तर गाडी साडेसहाशे, जेवण-मुक्काम साडेनऊशे, वाटाड्या दोनशे, प्रवेश-पार्किंग शंभर, चहा-सरबत आणि परतीच्या ढाब्यासाठी दोन-अडीचशे. माणशी २,१०० ते २,२००. लोकल आणि जीपने गेलात तर सहा जणांना २,६००, नऊ जणांना २,१०० च्या आसपास. टेम्पो ट्रॅव्हलरने तेरा जणांना २,७०० च्या पुढे. यात बूट धरलेले नाहीत.

एक माणूस गळला की गाडीचा भार बाकीच्यांवर येतो, म्हणून गाडीचे पैसे बुधवारपर्यंत जमा करा आणि ते परत मिळणार नाहीत हे ग्रुपवर आधीच लिहा. गावातल्या यजमानांना गुरुवारी जेवणाऱ्यांचा आकडा कळवा. त्यांना किराणा राजूरहून किंवा घोटीहून आणावा लागतो. त्यानंतर कोणी आलं नाही, तरी त्याच्या ताटाचे पैसे देऊनच निघा.