बिअरची जेली आणि पाकिटावरची बारीक अक्षरं

माझ्या ४० बरण्यांचे पैसे अजून मिळालेले नाहीत. पैशांचं वाईट वाटतंच, पण त्याहून जास्त लागलं ते त्या कॅफेवाल्याचं वाक्य : ‘काकूंना जमली नाही.’ धरमपेठेत चार जणांना त्याने हे सांगितलं. जमली होती. नोव्हेंबरात दोनदा जमली होती आणि दोन्ही वेळा त्याने स्वतः चमचा उलटा धरून पाहिली होती.

संत्र्याचं मार्मालेड मी २२ वर्षं करते आहे. कळमन्याच्या बाजारातून आंबिया बहाराची फळं आणायची, सालीच्या आतला पांढरा भाग आणि बिया फडक्यात बांधून सालीबरोबर शिजवायच्या, त्यातून पेक्टिन उतरतं. पुरचुंडी वेळेत काढली नाही तर अख्खं पातेलं कडू होतं. हे सगळं हाताला माहीत आहे. म्हणूनच त्याने त्याच्या कॅफेसाठी बिअरची जेली करायला मला विचारलं.

बिअरचं काम वेगळं. जेली धरण्याइतकं पेक्टिन तिच्यात नसतं, आंबटपणाही पुरेसा नसतो. बिअरचा पीएच साधारण चारच्या वर, आणि जेली धरायला तो तीन-सव्वातीनच्या आसपास लागतो. माझं जमलेलं प्रमाण असं : ६५० मिलीची सौम्य बिअरची एक बाटली, ७०० ग्रॅम साखर, तीन मोठ्या लिंबांचा रस, १२ ग्रॅम पेक्टिन. पेक्टिन मूठभर साखरेत कोरडंच कालवायचं, नाहीतर गुठळ्या होतात आणि त्या मग काही केल्या सुटत नाहीत. बिअर आदल्या रात्री पसरट पातेल्यात ओतून, जाळी झाकून, अधूनमधून ढवळायची. त्यातला गॅस जायलाच हवा. तो राहिला तर साखर पडताच फेस असा उसळतो की शेगडी, ओटा, हात, काही वाचत नाही. पातेलं बिअरच्या चौपट मोठं घ्या.

ऑर्डर ३१ डिसेंबरची होती. ३० तारखेला रात्री दहाला त्याचा मुलगा १० बाटल्या टाकून गेला. स्ट्राँग बिअर, ठरलेली नव्हे. मी रात्रीच दोन परातींत आणि चार पातेल्यांत ती ओतली, झोपले नाही. माझ्याजवळ पेक्टिन कमी होतं. सकाळी इतवारीतून आणते म्हटलं, तर फोनवर म्हणाला, ‘काकू, पोराजवळ पाकीट दिलं आहे. पेक्टिन म्हणजे पेक्टिन. तुम्ही काऊन टेन्शन घेऊन राहिल्या?’

पहाटे चारला गॅस पेटवला. दोन-दोन बाटल्यांचे पाच घाणे. एकदम मोठा घाणा मी लावत नाही. त्याला उकळायला वेळ लागतो, तोवर पेक्टिन मोडतं आणि बिअरमधल्या हॉप्सचा कडवटपणा आटून वर येतो. पहिल्या घाण्याचा थेंब फ्रीजमधल्या थंड बशीवर टाकला, बोटाने सरकवला. सुरकुती पडली नाही. थर्मामीटर १०४ दाखवत होता. आपल्याकडे पाणी ९९ च्या आसपास उकळतं, त्याच्या पाच अंश वर म्हणजे तिथे जेली व्हायलाच हवी. पण कधी कधी जेली धरायला २४ तास घेते, हेही मला माहीत होतं. त्या आशेवर पुढचे घाणे लावले. तिथे थांबायला हवं होतं. पहिला घाणा बशीवर धरला नाही तर दुसरा लावू नका, ऑर्डर कोणाचीही असो.

संध्याकाळी पाचला तो आला. बरणी उचलली, आडवी केली, आतलं काठाशी वाहत आलं. बरोबरच्या पोरांकडे बघून म्हणाला, ‘हे तर सरबत.’ एकाने मोबाईलवर व्हिडिओ काढला. मी पैशांचं विचारलं तर, ‘बिअर माझी, पेक्टिन माझं, तुमचं काय गेलं?’ सात किलो साखर, ३० लिंबं, ४० बरण्या, एक रात्र. तरी ‘राहू द्या, बघतो काय करायचं’ म्हणत चाळीसही बरण्या गाडीत घालून घेऊन गेला.

रात्री ओटा पुसताना पाकीट हाताला चिकटलं. चष्मा लावून ट्यूबलाइटखाली धरलं. मागच्या बाजूला बारीक अक्षरांत ‘एलएम’ लिहिलं होतं, खाली ‘कॅल्शियमसह वापरा’. फडकं हातात तसंच राहिलं. पेक्टिनचे दोन प्रकार. भरपूर साखर आणि आंबटपणावर धरतं ते एचएम, आपल्या जॅम-जेलीचं. एलएम हे कमी साखरेच्या जॅमसाठी, ते कॅल्शियमवर धरतं. कॅल्शियम मिळालं नाही तर पाक पाकच राहतो. मी लगेच फोन केला. ‘जाऊ द्या ना काकू, झालं ते झालं.’

जानेवारीत भाचीने त्याच्या मेनूचा फोटो पाठवला. चिकन विंग्ज, ‘होममेड बिअर ग्लेझ’. माझंच सरबत!

आणखी एक गोष्ट मला सहन होत नाही. तो गिऱ्हाइकांना सांगतो, अल्कोहोल उडून जातं. सगळं जात नाही. अमेरिकेच्या कृषी खात्याच्या तक्त्यात १५ मिनिटं शिजवलेल्या पदार्थात ४० टक्के आणि अर्ध्या तासाने ३५ टक्के अल्कोहोल उरतं असं दिलं आहे. लहान मुलांना, गरोदर बायकांना, न पिणाऱ्याला विचारल्याशिवाय ही जेली वाढू नका. बरणीवर ‘बिअर’ ठळक लिहा. माझी बहीण वर्ध्याला असते, तिथे दारूबंदी आहे. तिच्याकडे मी एक चमचाही पाठवला नाही.

बाकी नेहमीचं : बरण्या उकळून कोरड्या करा, हिशेब लेखी ठेवा, निम्मे पैसे आधी घ्या. आणि सामान स्वतः विकत घ्या, पाकीट दुकानातच उलटून वाचा.

आंबियाची फळं आली आहेत, कालच दोन डझन आणली. त्याचा फोन दोनदा येऊन गेला, मार्मालेड हवं असेल. मी उचलला नाही.